पहिले पंधरा दिवस काहीच लिहू नका

आमच्या घरात याला ‘गाडीचा माणूस करणं’ म्हणतात. नाव आईने ठेवलं. रात्री जेवणं उरकली आणि मी सतरंजीवर बसून एखादी पोलीस गाडी उलगडायला घेतली, की स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, “झाला का रे तुझा माणूस?” मी 43 वर्षांचा आहे. राहायला नाशिकच्या सिडकोत, नोकरी अंबडला, प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात क्वालिटीला. माझ्याकडे 31 ट्रान्सफॉर्मर आहेत, म्हणजे उलगडली की रोबो होणारी खेळण्यातली वाहनं. बत्तिसावा आला तर एक बाहेर जाणार, असा बायकोशी तह झालेला आहे आणि तो दोन्ही बाजूंनी पाळला जातो.

शेल्फाशेजारी माझी एक दोनशे पानी वही असते. प्रत्येक खेळण्याबद्दल तिच्यात मी काही ना काही लिहून ठेवतो. ती बघून कुणी ना कुणी विचारतं, की हे सुरू कसं करायचं आणि एवढं लिहायला त्यात असतं काय. त्यांच्यासाठी हे.

पहिलं खेळणं घ्यायचं ते डिलक्स मापाचं. ही मापं आधी समजून घ्या, नाहीतर खोक्यावरचं चित्र बघून फसाल. सगळ्यात लहान कोअर, साधारण 9 सेंटिमीटर. मग डिलक्स, 14च्या आसपास. व्हॉयेजर 17-18, लीडर 21च्या पुढे. सगळ्यात वर टायटन. 2013 साली आलेला मेट्रोप्लेक्स तर दोन फुटी होता. तो ठेवायला शेल्फ नाही, कोनाडा लागतो. नवा माणूस थेट लीडरवर उडी मारतो, कारण पैसे जास्त म्हणजे माल चांगला असा आपला हिशोब. तसं नाही. मोठ्या खेळण्याचं वजन त्याच्याच खांद्यावर आणि कमरेवर येतं, आणि पायऱ्या इतक्या असतात की पहिल्याच दिवशी घाईत काहीतरी मोडतं. डिलक्स गाडी हातात मावते. चूक केली तरी ती कुठे केली हे कळतं. माझं स्वतःचं आवडतं माप व्हॉयेजर आहे, पण ते दुसरं किंवा तिसरं घ्या.

मापांचा एक मूळचा घोळही ठाऊक असू द्या, कारण शेल्फावर दोन खेळणी शेजारी ठेवली की तो डोळ्यात खुपतो. ट्रान्सफॉर्मर्स हे नाव 1984 साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रोने दिलं, पण खेळणी जपानच्या टाकारा कंपनीची होती आणि तीही दोन वेगळ्या मालिकांमधली. डायाक्लोन नावाच्या मालिकेत खऱ्या गाड्यांचे रोबो व्हायचे आणि त्यात बसायला इवलासा चालक असायचा. ट्रकचा रोबो होणारा नायक ऑप्टिमस प्राइम तिथला. त्याचं तिथलं नाव बॅटल कॉन्व्हॉय. दुसरी मालिका मायक्रो चेंज. तिची कल्पनाच निराळी होती, घरातल्या वस्तू त्यांच्या खऱ्या मापात रोबो होतात. म्हणून साउंडवेव्ह कॅसेट प्लेअर आहे, खलनायक मेगाट्रॉन पिस्तूल आहे, आणि बंबलबी ही मुळात गाडी नसून खेळण्यातली गाडी आहे. दोन्ही मालिका हॅस्ब्रोने एकाच पेटीत ओतल्या. पिस्तूल आणि ट्रक एकमेकांशी लढतात ते असं. पुढे खऱ्यासारखी दिसणारी पिस्तुलं खेळणं म्हणून विकणं अवघड झालं, तेव्हा मेगाट्रॉन बहुतेक वेळा रणगाडा झाला. आजच्या खेळण्यांत मापं बरीच जुळवून घेतलेली असतात. जुनं काही हाती लागलं तर मात्र ट्रकच्या गुडघ्याएवढी गाडी का, म्हणून डोकं खाजवत बसू नका.

आणखी एक गोष्ट माझ्या धंद्यातली. स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवॉर्प ही तीन विमानं एकाच मोल्डची, म्हणजे साच्याची. एक करडं, एक निळं, एक काळं. प्राउल, ब्लूस्ट्रीक आणि स्मोकस्क्रीन या तीन गाड्याही तशाच, तिघांची मुळं डायाक्लोनच्या एकाच निस्सान फेअरलेडीत. ‘रंग बदलून तेच विकतात’ म्हणून लोक चिडतात. मला हसू येतं. ज्याने एकदा तरी मोल्डचं कोटेशन पाहिलंय तो चिडणार नाही. पोलादाचा साचा कोरायला लागणारा पैसा एका रंगात वसूल होत नाही, म्हणून डोकं बदला, रंग बदला, तोच साचा पुन्हा चालवा. तुम्हाला याचा फायदा असा, की नवं खेळणं जुन्याच साच्याचं असेल तर त्याचे सांधे कुठे दगा देतात हे आधीच्या मालकांना पाठ असतं. घेण्याआधी तेवढं विचारून घ्या.

आता घ्यायचं कुठून. नाशकात मेन रोडला आणि रविवार कारंजाच्या आसपास खेळण्यांची भरपूर दुकानं आहेत, पण तिथे बहुतेक मुलांसाठी सोपी केलेली, एक-दोन पायऱ्यांची खेळणी असतात. ती वाईट नाहीत. भाच्याला मी तीच देतो. संग्रहाची म्हणावीत अशी कॉलेज रोडकडच्या मोठ्या दुकानांत अधूनमधून येतात, आणि बाकी सगळं ऑनलाइन. बुधवारच्या बाजारात गोदाकाठी जुन्या सामानाच्या ढिगात मला आजवर एकदाच काही मिळालं: एका विमानाचा उजवा पाय. फक्त पाय. वीस रुपयांना घेतला आणि तो अजून ड्रॉवरमध्ये आहे, कधीतरी उरलेलं विमान भेटेल या आशेवर.

परदेशातून मागवायचं असेल तर खिशाला आधी विचारा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. त्यावर कर वेगळा. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, म्हणजे खोक्यावर आयएसआयची खूण हवी. या भानगडीत पार्सल अडकू शकतं. मी एकदा जपानहून एक मागवलं. खेळण्याच्या किमतीइतकेच पैसे शुल्क, कर आणि हाताळणीचा खर्च म्हणून मोजले आणि घरात आकडा सांगताना एक शून्य गिळलं. तेव्हापासून मी इथे अधिकृत विक्रीला येईल तेच घेतो, किंवा दुसऱ्या संग्राहकाकडून.

नकली माल दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींना एकच शिवी देऊ नका. एक म्हणजे सरळ चोरी: अस्सल खेळण्यावरून साचा काढायचा, कधी माप थोडं वाढवायचं आणि विकायचं. दुसरा प्रकार, ज्याला संग्राहक ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. परवाना नसलेल्या कंपन्या ओळखीच्याच पात्रांची पण स्वतः आखलेली खेळणी काढतात. त्यातली काही फार सुबक असतात आणि किमतीही तशाच. ते घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, मी घेत नाही. पहिल्या प्रकारात मी सपशेल फसलोय. ऑनलाइन, खोकं सीलबंद, वर सगळे शिक्के. आत हातात घेतल्याबरोबर हलकं लागलं, पण मन मानेना. दीड महिन्याने पावसाळा लागला आणि पाठीवरचे तिन्ही स्क्रू तांबूस झाले. अस्सल खेळण्यावर पायाच्या आतल्या बाजूला किंवा पाठीच्या झाकणाखाली कंपन्यांची नावं, बनवल्याचा देश, चीन किंवा व्हिएतनाम, आणि छोटा तारखेचा आकडा उमटवलेला असतो. माझ्या खेळण्यावर ती जागा घासून सपाट केलेली होती. ती जागा मी पहिल्या दिवशी पाहिली असती तर परत करता आलं असतं. तुम्ही पहिल्या दिवशी पाहा.

खोकं उघडल्यावर लगेच रोबो करायला घेऊ नका. आधी पाच मिनिटं नुसतं बघा. मी कारखान्यात जे बघतो तेच इथे बघतो. दोन साच्यांच्या जोडाची रेघ, म्हणजे पार्टिंग लाइन, कुठून गेलीय? चेहऱ्याच्या मधून गेली असेल तर साचा करणाऱ्याने आळस केला. प्लॅस्टिक जिथून आत शिरलं तो गेटचा टवका कापलेला असतो. तो आतल्या बाजूला लपवलाय की दाराच्या मध्यावर ठेवलाय? कडेला पातळ पापुद्रा सुटलेला दिसला तर तो फ्लॅश, म्हणजे साचा थकला आहे किंवा नीट मिटला नव्हता. तो ब्लेडने हलकेच काढता येतो. जाड भागावर खळगा पडलेला दिसला तर ती सिंक मार्क.

या सिंक मार्कवरून एक वाद मी कायम घालतो. हाताच्या आतली बाजू पोकळ दिसली की लोक लिहितात, ‘प्लॅस्टिक वाचवलं, कंजूष कंपनी’. अहो, प्लॅस्टिक जाड ओतलं की थंड होताना आत आक्रसतं आणि वरून खळगा पडतो. भिंत साधारण दोन मिलिमीटरची ठेवावी लागते, म्हणून भाग पोकळच असणार. त्या पोकळीवर झाकण द्यायचं की नाही, तिथे कंजूषपणा येतो, कारण झाकण म्हणजे आणखी एक भाग आणि त्याची वेगळी जुळणी. तक्रार झाकणाबद्दल करा.

रंगाबद्दलही तसंच. एकाच खेळण्यात दोन लाल दिसतात ते का? पत्र्यासारखे बाहेरचे भाग बहुधा एबीएस नावाच्या कडक प्लॅस्टिकचे असतात. सांध्यांना पीओएम नावाचं मेणचट, चिवट प्लॅस्टिक वापरतात, कारण ते झिजत नाही. पण त्यावर रंग धरत नाही आणि त्याची झाकही थोडी वेगळी येते. म्हणजे रंग जुळत नसला तर समजा, तिथे सांधा टिकावा म्हणून दिसण्याचा बळी दिलाय. मला हा सौदा मान्य आहे. तुम्हाला नसेल तर लिहा, पण कारण कळून लिहा.

मग पहिलं रूपांतर. आतल्या कागदावरची चित्रं बघून, जोर न लावता. कागद वाईट छापलेला असतो हे गृहीत धरा. काहीही अडलं की थांबायचं आणि एक पायरी मागे जायचं. अडणारा भाग बहुधा स्वतः अडलेला नसतो, दुसऱ्या कुठल्या तरी झाकणाने त्याला दाबून धरलेलं असतं.

माझ्याकडे एक पांढरी पोलीस गाडी होती, कुणाची ते सांगत नाही. बॉनेट खाली येऊन छाती होते, दारं मागे जाऊन पंखांसारखी उभी राहतात, छप्पर पाठीला चिकटतं. पहिल्या दिवशी मी हिच्यावर अक्षरशः खूश होतो. दारं बसताना ‘टक्’ असा कोरडा, भरीव आवाज यायचा. वहीत लिहिलं, ‘या वर्षातलं सगळ्यात चांगलं’. आठव्या-नवव्या वेळी डावं दार ‘टक्’ऐवजी ‘कर्र’ करायला लागलं. भिंग लावून पाहिलं तर बिजागरीच्या मुळाशी केसाएवढी पांढरी रेघ. एबीएस वाकून वाकून थकलं की असं पांढरं पडतं; कारखान्यात असा नमुना दिसला की आम्ही अख्खी बॅच थांबवतो. चौदाव्या वेळी दार माझ्या हातात आलं. बाहेरून बघून हे कुणालाही कळलं नसतं. पहिल्या दिवशी केलेलं कौतुक मी वहीत खोडलं नाही, त्याच्याखाली फक्त दाराची तारीख लिहिली.

तेव्हापासून माझा नियम एकच. पहिले पंधरा दिवस लिहायचं नाही. रोज एकदा गाडी, एकदा माणूस. पंधरा दिवसांत तीस फेऱ्या होतात. पहिल्या तीन-चार कागद बघून, पुढच्या आठवणीने, आणि दहाव्या-बाराव्यानंतर टीव्ही बघत बघत. खेळण्याची खरी परीक्षा तिथे. लक्ष नसताना बोटं आपोआप बरोबर पायरी शोधतात का? ज्याची जुळणी चांगली आखलेली असते ते बोटांना लवकर कळतं. नुसतं गुंतागुंतीचं असेल ते विसाव्या वेळीही कागद मागतं. माझ्याकडे दोन अशी आहेत, दिसायला देखणी, पण ती गाडीची माणसं क्वचितच होतात. वर्षभर गाड्याच आहेत.

या पंधरा दिवसांत वहीत काय टिपायचं? माझं असं असतं. पहिल्या दिवशी वजन, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, आई बघत नसताना. उंची डोक्यापर्यंत, शिंगं-अँटेना सोडून. एका पायावर उभं राहतं का. हातात बंदूक घट्ट बसते का: हल्लीच्या खेळण्यांना 5 मिलिमीटरची खुंटी आणि तेवढंच भोक हे माप ठरलेलं आहे, म्हणून एकाची बंदूक दुसऱ्याला चालते. मी व्हर्निअरने मोजतो. खुंटी 4.9 भरली तर बंदूक गळते, 5.1 भरली तर मूठ फाटायची भीती. गाडी झाल्यावर चारही चाकं जमिनीला टेकतात का, हे काचेच्या टेबलावर ठेवून बघायचं. फरशीवर कळत नाही, आमची तर नाहीच. मग पाचव्या, दहाव्या आणि तिसाव्या फेरीला सांधे कसे आहेत. रॅचेटचा, म्हणजे दातेरी सांध्याचा, कटकट आवाज तेवढाच आहे की बोथट झाला? बॉल जॉइंट, म्हणजे खोबणीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा, सैल झाला का? कुठे रंग घासला? जिथे दोन रंगवलेले भाग एकमेकांवरून सरकतात तिथे तो घासणारच, आणि ती जागा खोक्यावरच्या फोटोत कधीच दिसत नाही.

गुण देऊ नका. दहापैकी साडेसात म्हणजे काय, हे मला अजून कळलेलं नाही. त्यापेक्षा एक वाक्य लिहा: कुणी घ्यावं आणि कुणी घेऊ नये. ‘शेल्फावर ठेवून बघणाऱ्याने घ्यावं, हाताळणाऱ्याने नाही.’ वाचणाऱ्याला तेवढं पुरतं.

फोटोबद्दल थोडक्यात. उत्तरेच्या खिडकीशी, सकाळी, मागे पांढरा ड्रॉइंग पेपर वाकवून. फ्लॅश नको. माप दाखवायला शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास 27 मिलिमीटर आहे आणि ते प्रत्येकाच्या खिशात असतं. आणि मोडलेल्या जागेचा फोटो जवळून घ्या, तोच सगळ्यात कामाचा.

दुरुस्ती हा या छंदातला माझा लाडका भाग, पण इथे मी जितकं वाचवलंय तितकंच मोडलंय.

सैल बॉल जॉइंटला बिनरंगी नेलपॉलिश. गोळ्यावर पातळ एक थर, रात्रभर वाळू द्यायचं, मगच खोबणीत. ओलं असताना बसवलंत तर सांधा कायमचा चिकटला. वाकडी तलवार किंवा बंदूक बहुधा मऊ पीव्हीसीची असते. गरम पाण्यात बुडवा, सरळ करा आणि तशीच धरून गार पाण्यात घाला. घट्ट सांध्याला तेल मात्र विचार करून. मी एकदा शिलाई मशिनचं तेल घातलं, गाडीच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या काचेच्या सांध्यात. तीन आठवड्यांनी काच जाळीसारखी तडकली. खनिज तेलं पारदर्शक पॉलिकार्बोनेटला आणि काही वेळा एबीएसलाही आतून तडे पाडतात. सिलिकॉनचं तेल किंवा ग्रीस वापरा. नेलपॉलिश काढायचं पाणी तर घरातल्या त्या कपाटाच्या जवळपासही आणू नका, त्यातलं ॲसिटोन एबीएस विरघळवतं. सॅनिटायझरनेही छापील खुणा जातात. धूळ काढायला कोरडा मऊ ब्रश, बस.

पिना हा वेगळा धडा. बरेच सांधे लोखंडी पिनेवर फिरतात आणि पिन ठोकून काढावी लागते. पहिल्यांदा मला ती हलेना. हातोडी मारून मारून भोवतालचं प्लॅस्टिक पांढरं पडायला लागलं. शेवटी खिशात घालून कारखान्यात नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत टूलरूमच्या मामांसमोर ठेवलं. मामा निवृत्तीला आलेले, खेळणं बघून एक अक्षर बोलले नाहीत, चष्मा वर केला.

“उलटी मारतोयस की.”

“म्हणजे?”

“एका टोकाला रेघा असतात बघ, पकड बसायला. रेघांच्या बाजूने मारलंस तर त्या रेघा सगळ्या भोकातून खरवडत जातील. गुळगुळीत टोकाकडून मार, रेघांचं टोक आधी बाहेर पडू दे.”

दीड मिलिमीटरचा पंच लावला, दोन टिचक्या, पिन बाहेर. मग मामांनी हळूच विचारलं, “किती मुलं तुला?” एक मुलगी, अकरावीला, म्हटलं. “हां,” म्हणाले आणि डबा उघडला.

पिन हरवली तर सायकलचा आरा कापून घ्या. नेहमीचा आरा दोन मिलिमीटर जाडीचा असतो, खूप सांध्यांना चालून जातो. भद्रकालीत सायकलच्या दुकानात सुटा मिळतो. दुकानदार एक विकायला कुरकुरतो, म्हणून मी चार घेतो.

ठेवण्याबद्दल नाशिककरांनी एक लक्षात घ्यावं: आपल्याकडे थंडीचं कौतुक फार, पण एप्रिल-मे मधलं पश्चिमेचं ऊन या खेळण्यांचा खरा वैरी. पांढरं आणि करडं एबीएस उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं. शेल्फ पश्चिमेच्या भिंतीसमोर नको, खिडकीत तर नकोच. पावसाळ्यात बॅटरीची खेळणी रिकामी करून ठेवा. आत घाम फुटलेला सेल स्प्रिंग खातो आणि मग डोळ्यांतले दिवे कधीच लागत नाहीत. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या त्या सिलिकाच्या पुड्या फेकू नका. दिवाळीच्या साफसफाईच्या आठवड्यात शेल्फाला कुलूप. हे मी गमतीने म्हणत नाही. आमच्याकडे एका कामसू आत्याने सगळी खेळणी ओल्या फडक्याने पुसली आणि सगळ्या बंदुका एका डब्यात भरल्या. कोणती कुणाची हे लावायला मला दोन रविवार लागले.

जुनं घेणार असाल तर सोनेरी प्लॅस्टिकपासून जपा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीत काही खेळण्यांत सोनेरी चमकी मिसळलेलं प्लॅस्टिक वापरलं गेलं. ते काळाबरोबर आतून ठिसूळ होतं, इतकं की न उघडलेल्या खोक्यातही चुरा होतो. ब्लॅक झारॅक हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. असलं काही मिळालं तर उलगडू नका, नुसतं बघा. मी घेतच नाही. हात लावायचा नाही तर घ्यायचं कशाला?

आणि बत्तिसावा आला की एक बाहेर जातो, त्याबद्दल. जे महिनाभर हातात घेतलं गेलं नाही, ते. त्याची धूळ झटकायची, सगळे भाग मोजायचे, गाडीच्या रूपात गुंडाळायचं कारण त्या रूपात बारीक अवयव आत लपतात, आणि घेणाऱ्याला दुरुस्त केलेलं काही असेल तर आधी सांगायचं. दाम त्या हिशोबाने कमी करायचा. मला विकत मिळालेल्या खेळण्यांपैकी दोन आधी चिकटवलेली निघाली आणि विकणाऱ्याने चकार शब्द काढला नव्हता, म्हणून मी खोक्यात चिठ्ठी टाकतो. गेल्या महिन्यात नाशिकरोडच्या एका मुलाला निळं विमान दिलं, कॉलेजात आहे, त्याचं पहिलंच. चिठ्ठीत एवढंच होतं: ‘डावा खांदा, नेलपॉलिश दोन थर, मार्च. उजव्या पायाची पिन सायकलच्या आऱ्याची आहे. नाकाचं टोक आधी आत घ्या, मग पंख.’